इयादचे चाळीस दिवस

शाझलिया माझ्या दारात आली तेव्हा तिच्या हातात बाळाचं लंगोट होतं. सकाळचे आठ वाजले होते. मी दवाखान्यात जायला निघालेच होते. तिनं ते लंगोट माझ्या नाकासमोर धरलं.

"बघ, वसीला! पाच दिवसांची पोर आहे, पाच दिवसांची!"

पांढऱ्या कापडावर नखाएवढा रक्ताचा डाग होता.

"कुणी हात लावला तिला? तुमच्या सुईणीनं काय केलं ते खरं सांग. नाहीतर मी आत्ता जाऊन तिच्या झिंज्या उपटते."

"सुईण तिसऱ्या दिवसापासून तुमच्याकडे फिरकलेली नाही," मी म्हटलं. "आधी पोरीला बघू दे."

आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. तिकडे जायला मला वीस पावलं पुरली. शाझलियाचा मुलगा रऊफ मासेमारी करतो. त्याची बायको दलेंदा हिला लग्नानंतर सात वर्षांनी जुळं झालं होतं, एक मुलगी आणि एक मुलगा. मुलीचं नाव दोर्साफ, मुलाचं इयाद. बाळंतिणीला करतात त्या तीळ-मधाच्या झरीरच्या वाट्या अजून पाहुण्यांसमोर फिरत होत्या. त्या दिवशी मात्र खोलीत कुणी काही खात नव्हतं. दलेंदा पलंगाच्या कोपऱ्यात बसली होती. तिच्या एका मांडीवर इयाद होता, आणि दुसऱ्या हातानं ती दोर्साफला थोपटत होती.

मी पोरीला उघडलं. जखम नव्हती, खरचटलेलं नव्हतं. छाती मात्र दोन्ही बाजूंनी लिंबाएवढी फुगलेली, आणि एका बाजूला दुधाचा थेंब.

"ते मी काढते," शाझलिया बाह्या सरसावत म्हणाली. "माझ्या आईनं आम्हा सगळ्या बहिणींचं पिळून काढलं होतं."

मी तिचं मनगट धरलं. "पिळलंत तर गळू होईल. दोन वर्षांपूर्वी असंच पिळलेल्या एका पोरीला चीर द्यावी लागली होती. हात लावू नका."

"मग हे रक्त?"

मला माहीत होतं ते. आमच्या बेटावरच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून सव्वीस वर्षं काढली आहेत मी. पण शेजारणीचं कोण ऐकतं! मंगळवार असल्यानं समुद्रापलीकडच्या स्फाक्स शहरातून डॉक्टर समाह सकाळच्या बोटीनं येणार होत्या. त्या बालरोगतज्ज्ञ, वय जेमतेम बत्तीस. मी त्यांना धक्क्यावरूनच थेट घरी घेऊन आले.

त्यांनी दोर्साफला नीट तपासलं आणि हसल्या. "काही झालेलं नाही हिला. पोटात होती तोवर आईची हार्मोन्स हिला मिळत होती. नाळ तुटली आणि ते सगळं एकदम बंद झालं. मग गर्भपिशवीचं अस्तर जरासं सुटतं, पाळीसारखंच. दोन-तीन दिवसांत थांबेल. छातीही आपोआप उतरेल."

"पाळी?" शाझलियानं गालावर हात मारला. "म्हणजे माझी नात पाच दिवसांत उपवर झाली म्हणायची!"

तेव्हा कुठे खोलीतलं वातावरण सैल झालं. डॉक्टरही हसल्या आणि बोलत राहिल्या. त्यांना समजावून सांगायची हौस आहे. "आणि एवढ्यावर थांबत नाही. अजून एखाद्या आठवड्यानं या दोघांचा मेंदू स्वतःच जागा होईल आणि शरीराला हार्मोन बनवायला सांगेल. वयात येताना होतं तसंच. मुलाच्या रक्तात तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तरण्या पोरासारखी पातळी चढते. बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही. मग सहा महिन्यांच्या आसपास सगळं शांत होतं ते पुढची दहा-बारा वर्षं. मुलींचं थोडं लांबतं."

"मग आमच्या नवरदेवालाही बघा की," शाझलिया म्हणाली.

"तो झोपलाय," दलेंदा पटकन म्हणाली.

"झोपू दे. जागा झाला तर रडेल, मरेल का?"

दलेंदानं इयादला छातीशी घट्ट धरलं. जन्मापासून त्याचं लंगोट तिनं कुणालाच बदलू दिलं नव्हतं. चाळीस दिवस मुलाला कुणी उघडं बघायचं नाही, नजर लागते, असं तिनं सासूला सांगितलं होतं, आणि नजरेच्या बाबतीत शाझलिया कधी वाद घालत नाही. मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. डॉक्टरांनाही खटकलं असावं. त्या म्हणाल्या, "आजीबाई, बोटीत बसून डोकं गरगरतंय. जरा कडक कॉफी मिळेल का?"

शाझलिया स्वयंपाकघरात गेली. दलेंदानं माझ्याकडे बघितलं, मग डोळे मिटून बाळ डॉक्टरांच्या हाती दिलं.

डॉक्टरांनी बोटांनी जांघेत चाचपलं, खिशातून छोटी पट्टी काढून मोजलं, पुन्हा मोजलं. मीही बघत होते. इंद्रिय इतकं लहान, की पहिल्या नजरेत दिसतच नव्हतं. खालची पिशवी रिकामी.

"दलेंदा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "आज मी याचं रक्त घेऊन जाते. मीठ आणि साखर आजच बघायला हवी. त्यात गडबड असली तर जिवावर बेतू शकतं. ते ठीक निघालं तर घाबरू नकोस. आता एक विचारते, विचार करून सांग. तुझ्या माहेरी असा कुणी पुरुष आहे का, ज्याला दाढी-मिशी आली नाही, आवाज फुटला नाही, मूलबाळ नाही? किंवा ज्याला जन्मापासून वासच येत नाही?"

"नाही," दलेंदा म्हणाली.

"वास न येणं लोकांना किरकोळ वाटतं, म्हणून मुद्दाम विचारते."

"नाही म्हटलं ना डॉक्टर. कुणी नाही."

लमजद दलेंदाचा सख्खा भाऊ. छत्तीस वर्षांचा, ऑक्टोपस पकडतो. गालावर एक केस नाही, आवाज चौदा वर्षांच्या पोरासारखा. बाजारात बायका त्याला हाक मारतात ती 'ए बहिणी' म्हणून. आणि त्याला वास येत नाही हे आमच्या बेटावर कुत्र्यामांजरांनाही माहीत आहे.

दलेंदा माझ्याकडे बघत होती. बोलायला हवं होतं मी. मी पट्टी पुसून डॉक्टरांच्या पिशवीत ठेवली आणि गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची लाज मला आजही वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते.

"बरं," डॉक्टर म्हणाल्या. "सहा आठवड्यांचा झाला की त्याला स्फाक्सला आण. मघाशी मी सांगितलं ना, मुलाचं शरीर या काळात जागं होतं? याचं होतंय का ते तेव्हाच्या रक्तात दिसेल. तीन महिन्यांच्या पुढे जाऊ नकोस. एकदा सगळं झोपलं की निरोगी मुलाचं रक्त आणि याचं रक्त सारखंच दिसेल, आणि मग चौदा-पंधरा वर्षं कुणालाच काही सांगता येणार नाही. तोपर्यंत उपचारांची चांगली वेळ निघून गेलेली असेल."

एवढ्यात कॉफी आली. दलेंदानं लंगोट बांधून टाकलं होतं.

मीठ-साखर ठीक निघाली. तीन आठवड्यांनी गुणसूत्रांचा अहवाल आला. मुलगाच होता, शंका नाही. मी तो कागद दलेंदाला वाचून दाखवला. तिनं तो चार घड्या घालून ब्लाउजात खुपसला.

"बघ मावशी, मुलगाच आहे. झालं तर मग."

"झालं नाही. रक्त द्यायला जायचंय. डॉक्टरांनी दोनदा फोन केलाय."

"थंडी आहे, बोटीत लेकराला सर्दी होईल."

"दलेंदा, तू त्यांच्याशी खोटं बोललीस."

तिनं आधी दार लावून घेतलं. "माझ्या लग्नाच्या वेळी माझी सासू अख्ख्या गल्लीत काय बोलत फिरत होती, तू ऐकलंस ना? त्या घरातली पोरगी आणू नकोस, तिथं पुरुष पिकत नाहीत. सात वर्षं मूल नव्हतं तेव्हा रोज ऐकलंय मी ते. आता तिला कळलं की हे माझ्या माहेरून आलंय, तर ती मला या घरात उभी राहू देईल? आणि रऊफ? त्याला मुलगा झाला म्हणून त्यानं अख्खं बंदर जेवायला घातलं."

"म्हणून पोराचं—"

"तू माझी शेजारीण आहेस की दवाखान्याची हेर?" ती ओरडली. मग तोंडावर हात दाबून रडायला लागली.

मी परत आले. चौथा आठवडा गेला, पाचवा गेला. डॉक्टरांना खरं सांगून टाकावं असं मला रोज वाटायचं. मंगळवारी त्या समोर आल्या की जीभ उचलायची नाही. रुग्णाचं घरचं बाहेर बोलायचं नाही ही आमची शिस्त, पण डॉक्टर काही बाहेरच्या नव्हत्या. खरी गोष्ट अशी की मला दलेंदाची दया येत होती आणि शाझलियाची भीती वाटत होती. भिंतीपलीकडे दोर्साफ जोरात रडायची. इयादचा आवाज बारीक यायचा, किंवा मलाच तसं वाटायचं. जुळ्यांमधली एक छान बाळसं धरत होती आणि दुसऱ्याच्या अंगात काय चाललंय, काही चाललंय की नाही, ते बघायची वेळ सरत होती.

अडतिसाव्या दिवशी दलेंदा पांढऱ्याफटक चेहऱ्यानं माझ्याकडे आली.

"परवा सुंता आहे."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे! सासूबाईंनी हाजी बश्शीरला सांगूनही टाकलं. तो पुढच्या आठवड्यात मुलाकडे फ्रान्सला जाणार, परत येईल की नाही देव जाणे, तर जायच्या आधी त्याच्याच हातून व्हायला हवी. बाळंतपणाचा चाळिसावाही परवाच आहे. दोन्ही एकदम." तिनं माझा हात धरला. "मावशी, चल माझ्याबरोबर. मुलीला तू घे."

"कुठे?"

"लमजदकडे."

हाजी बश्शीर बेटावरचा जुना सुंता करणारा. असल्या बाळावर वस्तरा चालवला तर काय होईल याची कल्पना मला होती. आधीच कमी, त्यातलं कापलं गेलं तर दुरुस्त करायलाही कातडी उरत नाही. मी शाल घेतली.

लमजद गावाबाहेर पाण्याच्या कडेला एकटाच राहतो. तो अंगणात बसून ऑक्टोपस पकडायची मातीची मडकी दोरीला बांधत होता. दाराशीच जुन्या आमिषाची बादली सडत पडली होती. मी शाल नाकाशी धरली, तो मात्र तिच्यापासून हातभरावर बसून भाकरी खात होता. त्यानं आम्हाला बघितलं आणि नाकाशी धरलेली शालही बघितली.

"बादली का? थांबा, फेकतो." त्यानं ती उचलून लांब नेऊन ठेवली आणि हात धुऊन आला. "काय गं, दोघांना घेऊन एवढ्या लांब? रऊफशी भांडलीस?"

आत जाऊन दलेंदानं इयादला सतरंजीवर ठेवलं आणि लंगोट सोडलं.

लमजद उभ्यानंच बघत होता. मग तो खाली बसला. त्यानं बाळाला हात लावला नाही. बाहेर दोरीला बांधलेली मडकी वाऱ्यानं एकमेकांवर आपटत होती.

"माझ्यासारखं," तो म्हणाला.

"हो."

"अगदी माझ्यासारखं." त्यानं माझ्याकडे बघितलं. ते शब्द मी ऐकावेत की नाही, हे त्याला ठरवता येत नसावं. मग त्यानं खांदे पाडले. "ऐका मावशी, आता काय लपवायचं. सोळाव्या वर्षी आईनं मला तीन पीरांकडे नेलं. विसाव्या वर्षी लष्कराच्या तपासणीला गेलो. तिथल्या माणसानं चड्डी काढायला लावली आणि दुसऱ्या दोघांना बोलावून दाखवलं. त्यानंतर मी कधी कुणापुढे कपडे काढले नाहीत. सार्वजनिक न्हाणीच्या हमामातही जात नाही." तो दलेंदाकडे वळला. "डॉक्टर काय म्हणते?"

"रक्त तपासायचं म्हणते. तीन महिन्यांच्या आत. आणि..." तिला पुढचं बोलवेना. "तिनं विचारलं, माहेरी असा कुणी आहे का. दाढी नसलेला. वास न येणारा."

लमजद ताठ झाला. "वासाचं विचारलं तिनं?"

"हो."

"तू सांगितलंस आणि मग तिनं विचारलं, की तिनं आपणहून?"

"आपणहून. मी तर नाही म्हणाले."

तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. "म्हणजे ती हे ओळखते. वास आणि हे, दोन्ही एकच आहे? याला काही नाव आहे?" त्याचा तो बारीक आवाज चिरकला. "छत्तीस वर्षं मला वाटत होतं की जगात मी एकटाच असा जन्मलो. शाप म्हण, काहीही म्हण. आणि ती पोरगी बोटीतून उतरते आणि घरात शिरल्या शिरल्या वासाचं विचारते! आणि तू तिला नाही म्हणालीस?"

"मी काय करू, लमजद? ते घर—"

"ते घर खड्ड्यात गेलं!" तो एवढ्या जोरात ओरडला की दोन्ही बाळं दचकून रडायला लागली. मग तोच वाकला आणि त्यानं इयादला उचललं, उघडाच. "याला माझ्यासारखं जगायला लावणार तू? बाजारातल्या बायकांच्या भीतीनं?"

दलेंदा भिंतीला टेकून खाली बसली. लमजद मला म्हणाला, "मावशी, त्या डॉक्टरला फोन लावा."

मी लावला. पाच आठवडे गिळलेलं सगळं त्या दिवशी सांगितलं. डॉक्टर रागावल्या असतील, आवाजात दाखवलं नाही. "सुंता होऊ देऊ नका," त्या म्हणाल्या. "काहीही करा. परवा मंगळवार आहे, पण मी तिकडे न येता इस्पितळातच असेन. एकच्या बोटीनं आणा, मी संध्याकाळपर्यंत थांबते. आणि मामालाही आणा. वास न येणं आणि हे बहुधा एकाच दुखण्यातलं, आईकडून मुलाला येणारं, आणि त्यावर औषध आहे."

दलेंदा त्या रात्री रऊफला सांगणार होती. तिनं सांगितलं नाही. सकाळी भिंतीपलीकडून भांड्यांचे आवाज यायला लागले, तेव्हा मला कळलं की तिची हिंमत झाली नाही.

चाळिसाव्या दिवशी घर भरलं होतं. अंगणात ऑक्टोपसाचं कालवण शिजत होतं, कुसकुसची पातेली उतरत होती. आतल्या खोलीत उशीवर पांढरं कापड पसरलं होतं आणि हाजी बश्शीर बाजूच्या खुर्चीवर चहा घेत होता. दलेंदा बाळाला घेऊन दाराआड उभी होती. मी तिच्याजवळ गेले.

"आण गं त्याला," शाझलिया म्हणाली. "जेवणं खोळंबली आहेत."

तेवढ्यात लमजद आला. धुतलेला सदरा घातला होता त्यानं. अंगणातल्या पोरांपैकी कुणीतरी "ए बहिणी" म्हटलं आणि दोघं-तिघं हसले. तो थांबला नाही. थेट आतल्या खोलीत येऊन त्यानं दार लोटलं. आत रऊफ, शाझलिया, हाजी, दलेंदा आणि मी.

"रऊफ, सुंता करू नकोस," तो म्हणाला.

"का रे? काय झालं?"

"मुलाला माझं दुखणं आहे."

रऊफला समजलं नाही. लमजदचे कान लाल झाले होते. त्यानं दोन वाक्यांत सांगितलं, जसंच्या तसं, पुरुषानं पुरुषाला सांगावं तसं. मग म्हणाला, "हे आमच्या रक्तातून आलंय. आईकडून मुलाला येतं. पण आता रक्त तपासलं तर कळतं आणि औषध आहे. माझ्या वेळी कुणी बघितलं नाही. एकची बोट आहे."

शाझलियाचं तोंड सुटलं ते थांबेना. "मला ठाऊक होतं! मी सांगितलं होतं! त्या घराण्यात पुरुष पिकत नाहीत म्हणून घसा कोरडा केला मी! चाळीस दिवस नजर, नजर म्हणून माझ्या डोळ्यांत धूळ फेकली या—"

"आई, थांब." रऊफ दलेंदाकडे गेला. "दे इकडे."

तिनं बाळ दिलं. त्यानं ते पांढऱ्या कापडावर ठेवून लंगोट सोडलं. चाळीस दिवसांत पहिल्यांदा तो आपल्या मुलाला उघडं बघत होता. त्याचा जबडा हलत होता.

"तुला माहीत होतं?" तो तिला म्हणाला. "माझ्या मुलाचं, आणि मला नाही सांगितलंस? लोकांना सांगितलं नसतंस तर चाललं असतं. मला?"



"आज कापून टाकूया," शाझलिया हाजीला म्हणाली. तिचा आवाज आता रडका झाला होता. "पाहुणे आलेत. नंतरचं नंतर. वाढेल ते."

हाजी बश्शीर पुढे झाला. चष्मा लावून त्यानं बाळाकडे बघितलं, मग मान वर करून लमजदकडे. म्हाताऱ्याचे हात गुडघ्यांवर होते.

"तुझी सुंता मीच केली होती," तो म्हणाला. "पाच वर्षांचा होतास. मी बघितलं होतं तेव्हाच. तुझ्या आईनं मला विचारलं, आणि मी म्हणालो, वाढेल. पैसे घेतले आणि गेलो." त्यानं आपली पिशवी बंद केली. "या पोराला मी हात लावणार नाही. रऊफ, बोटीला निघ. बाहेर मी सांगतो की माझा हात दुखतोय."

लमजदनं दार उघडलं आणि म्हाताऱ्याला वाट दिली. त्याला सुनावेल असं मला वाटलं होतं.

आम्ही एकची बोट धरली. रऊफ, दलेंदा, लमजद, मी आणि दोन्ही बाळं. पाणी खवळलेलं होतं. रऊफ बोटीच्या एका टोकाला उभा राहिला, दलेंदा दुसऱ्या टोकाला बसली. इयाद लमजदच्या मांडीवर होता.

इस्पितळात बाळाच्या हाताची शीर सापडेना. दोनदा सुई टोचावी लागली. तिसऱ्या वेळी मी स्वतः घेतलं. त्यानंतर डॉक्टर समाह लमजदला म्हणाल्या, "तुम्हाला आमच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवते. तुमची तपासणी—"

"कपडे काढावे लागतील?"

"हो. एकच डॉक्टर असतील, दार बंद करून. दुसरं कुणी आत येणार नाही. मी बाहेर बसते."

तो आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला आणि तोंड धुवायला नळ शोधत फिरला.

अहवाल अकरा दिवसांनी आला. ते अकरा दिवस भिंतीपलीकडे इतकी शांतता होती, की मला शाझलियाची आरडाओरड बरी वाटली असती. रऊफ नावेतच झोपायचा. कागद मी आणला. त्या वयात मुलाच्या रक्तात जे भरभरून दिसायला हवं, ते इयादच्या रक्तात जवळजवळ नव्हतंच. मेंदूकडून निघणारा निरोपच निघत नव्हता. लमजदचंही तेच. डॉक्टरांनी फोनवर रऊफला स्वतः समजावलं. महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं लगेच, म्हणजे वाढ होईल. वर्षाच्या आत छोटी शस्त्रक्रिया करून अंडं खाली आणायची. आणि पुढे, वयात येताना, पुन्हा औषधं. वेळेवर सापडलं, असं त्या दोनदा म्हणाल्या.

"मूल होईल त्याला?" रऊफनं विचारलं.

"होऊ शकतं. वचन देत नाही. पण आता आपल्याला माहीत आहे, हेच मोठं आहे."

इंजेक्शनं मीच दिली. पहिल्या वेळी रऊफनं बाळाचे पाय धरले आणि मान फिरवली. तिसऱ्या वेळी त्यानं लंगोट स्वतः सोडलं, बघितलं, आणि दलेंदाला आतून हाक मारली, "अगं, बघ जरा इकडे!" लग्नाच्या नवलाईत मारतात तशी हाक होती ती. दोन महिन्यांत तो तिच्याशी पहिल्यांदाच नीट बोलत होता. पूर्ण माफ केलं का, ते मला माहीत नाही. दलेंदा म्हणते, मधूनच एखाद्या दिवशी त्याचा चेहरा बंद होतो.

लमजदनंही औषधं सुरू केली. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं की उशीर फार झालाय, हाडं ठिसूळ झाली आहेत, जे मिळेल ते हळूहळू मिळेल. सातव्या महिन्यात त्याचा आवाज घोगरा झाला आणि बाजारात त्यानं भाव सांगितला तर बायका वळून बघायला लागल्या. हे सगळं सांगायची परवानगी मी त्याच्याकडूनच घेतली आहे. "नाव घालून सांगा," तो म्हणाला. "अजून कुणाच्या घरात असा असेल तर त्याला कळू दे."

शाझलियानं माफी मागितली नाही. ती मागणाऱ्यांतली नव्हेच. इयादच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी मात्र ती स्फाक्सला आमच्याबरोबर आली आणि इस्पितळाच्या बाकावर दोर्साफला मांडीवर घेऊन बसली. डॉक्टर समाह बाहेर येऊन म्हणाल्या की सगळं व्यवस्थित झालं. शाझलियानं देवाचं नाव घेतलं, मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत विचारलं, "आणि ही? हिच्यात आहे का ते?"

"हिला स्वतःला त्रास होणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण हिच्यातून हिच्या मुलांना जाऊ शकतं. असण्याची शक्यता निम्मी. मोठी झाली की तपासता येईल."

दोर्साफ आजीच्या बांगड्या ओढत होती.

"मग हिच्या सासरी लग्नाआधीच सांगायचं," त्या सोडवत शाझलिया म्हणाली. "लपवायचं नाही. नाही जमलं त्यांना तर गेले उडत."

"सासरी नंतर," दलेंदा म्हणाली. त्या घरात आल्यापासून तिनं सासूचं वाक्य तोडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "आधी हिला सांगायचं. कुणाला सांगायचं ते ती ठरवेल."

शाझलियानं तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता भडकणार. पण तिनं पोरीला सुनेच्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "घे, भूक लागलीय तिला." आणि इयादला कधी आत जाऊन बघता येईल, ते विचारायला ती उठून परिचारिकेकडे गेली.